डोंबिवली स्टेशन, १२३४५६७८९८७६५४३२१ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

एक कागद घ्या आणि त्यावर ओळीने नऊ वेळा १ लिहा. झाले अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता या संख्येला तिनेच गुणा. साध्या कॅल्क्युलेटरवर करू नका, त्याच्या पडद्यावर एवढं मोठं उत्तर मावत नाही आणि शेवटचे आकडे गायब होतात. शाळेत शिकवलेल्या पद्धतीने करा. एकाखाली एक ओळी मांडायच्या आणि दर ओळीला एक घर डावीकडे सरकायचं.

नऊ ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत नुसते १. उभी बेरीज करायला घेतली की उजवीकडच्या पहिल्या घरात एक येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. असं चढत चढत मधोमध नऊ, आणि मग उतरत उतरत पुन्हा एक. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१.

ही सतरा आकडी संख्या आहे. एकं, दहं, शतं अशी सुरू होऊन परार्धावर संपणारी यादी ज्यांनी लहानपणी पाठ केली असेल त्यांच्यासाठी सांगायचं तर डावीकडचा पहिला १ ‘मध्य’च्या घरात पडतो. परार्ध एकच घर पुढे. उजवीकडून वाचा की डावीकडून, संख्या तीच.

आता मधला ९ बाजूला काढा. डावीकडे उरले १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१. या दोघांची बेरीज करा. ९९९९९९९९ येते. म्हणजे मध्ये जो आकडा होता, तोच पुन्हा आठ वेळा.

अशा संख्यांना गणितात डेमलो संख्या म्हणतात. नाव परदेशी वाटतं, पण ते आलंय आपल्या लोकलच्या स्टेशनावरून. मुंबईपासून साधारण ३० मैलांवरचं, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं डेमलो, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांचा अभ्यास करावा हा विचार ज्या माणसाला तिथे सुचला, त्याने त्या स्टेशनचंच नाव संख्यांना देऊन टाकलं. तो माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. पेशाने शाळामास्तर, आणि जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आज ज्यांचं नाव छापलेलं असतं अशा मोजक्या मराठी माणसांपैकी एक.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे अंश, कला, घटका, पळं यांची न संपणारी आकडेमोड. त्यात अवघड गणित फारसं नसतं, पण बेरजा-वजाबाक्या चुकून चालत नाहीत. पत्रिकांवर तुमचा विश्वास असो वा नसो, या मुलाला आकड्यांची गोडी लागली ती घरातल्या त्या आकडेमोडीतून. पुढे ठाण्याच्या शाळेत असताना तासन्‌तास कोडी सोडवत बसायची सवय पक्की झाली.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या पहिल्या भारतीयाचं, म्हणजे र. पु. परांजपे यांचं हे कॉलेज. त्यांच्याच नावाचं एक पारितोषिक स्वतंत्र गणिती काम करणाऱ्या विद्यार्थ्याला मिळत असे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळालं. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. पुढे एम.ए. नाही, पीएच.डी. नाही, संशोधनाचं कोणतंही रीतसर शिक्षण नाही. नाशिकजवळच्या देवळालीला गणित शिकवायची नोकरी मिळाली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तीच केली.

देवळालीची तेव्हाची ओळख म्हणजे लष्करी छावणी. मायदेशी परतायच्या बोटीची वाट पाहत गोरे सोजीर इथे महिनोन्‌महिने पडून असत, आणि त्या कंटाळ्याने त्यांची डोकी फिरत असं म्हणतात. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणायची पद्धत पडली. देवळालीचाच हा अपभ्रंश. त्याच गावात राहून एक मास्तर रोज कागदावर कागद भरून आकड्यांशी खेळत होता. त्यालाही अनेकजण डूलॅलीच समजत असणार.

खेळत होता हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण कापरेकरांच्या आयुष्यातला खरा तंटा याच शब्दावरून होता.

त्यांची पद्धत अशी. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्या आकड्यांशी काहीतरी करून पाहायचं. उलटायची, तोडायची, आकड्यांची बेरीज करायची, वर्ग करून त्याचे दोन तुकडे करायचे. काही चमत्कारिक दिसलं की तसं अजून कुठे होतं का ते शोधत सुटायचं. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, सगळं हाताने. त्यांनी काढलेल्या संख्यांच्या याद्या पाहिल्या की त्यामागचे कष्ट कळतात.

मोठमोठ्या विद्यापीठांतल्या गणितज्ञांना मात्र हे गणित वाटत नव्हतं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. ते म्हणत, संख्येचे आकडे हा संख्येचा खरा गुण नव्हे. माणसाला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत मोजतो. आठ बोटं असती तर त्याच संख्या वेगळ्या आकड्यांत लिहिल्या असत्या आणि या साऱ्या गमतीजमती नाहीशा झाल्या असत्या. ज्यांनी रामानुजनला केंब्रिजला नेलं त्या हार्डी यांनी १९४० साली गणितज्ञाच्या आयुष्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात क्षुल्लक गणिताचा नमुना म्हणून त्यांनी नेमकं असंच उदाहरण घेतलं. ८७१२ ही संख्या २१७८ च्या चौपट आहे आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला हे ठीक, पण गणितज्ञाने यात काय पाहायचं, असा त्यांचा सूर होता. कापरेकर देवळालीत ऐन भरात होते तेव्हाच हे पुस्तक आलं. हार्डींच्या डोळ्यासमोर कापरेकर नव्हते, पण हवा तशीच होती.

आता डेमलो संख्यांना हा आक्षेप लावून पाहू. समजा आपण आठच्या पटीत मोजतो, म्हणजे आपल्याकडे ० ते ७ एवढेच आकडे आहेत. सात वेळा १ लिहून त्याचा वर्ग केला तर तोच जिना तयार होतो: १२३४५६७६५४३२१. कारण तेच. उभ्या बेरजेत सर्वांत मोठं घर सातचं, आणि तिथे हातचा लागत नाही. मोजायची पद्धत बदलली की जिन्याची उंची बदलते, जिना तसाच राहतो. दहाच्या पद्धतीत तो नऊ पायऱ्यांपर्यंत चढतो. दहा वेळा १ लिहून वर्ग केला की मधल्या घरात दहा येतात, हातचा घ्यावा लागतो आणि जिना मोडतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. ८ गळून पडतो आणि मध्ये दोन शून्यं येतात. बोटांच्या संख्येवर सगळंच अवलंबून असतं असा आक्षेप इथे निम्माच खरा ठरतो.

कापरेकरांची व्याख्या तर याहूनही मोकळी होती. डावा भाग, मधला भाग, उजवा भाग. मध्ये एकच आकडा, एकदा किंवा अनेकदा. डाव्या-उजव्या भागांची बेरीज केली की तोच आकडा मिळायला हवा. म्हणून १६५ ही डेमलो, कारण १ आणि ५ मिळून ६. ४७७७३ पण डेमलो, कारण ४ आणि ३ मिळून ७. आपला सतरा आकडी जिना हा त्यातला सर्वांत देखणा प्रकार. अशा जिनेदार संख्यांना ते अद्भुत डेमलो म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस या संख्यांवरचं त्यांचं लिखाण ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये छापून आलं, आणि प्रा. के. आर. गुंजीकर यांच्या जोडीने त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांचा सिद्धान्त मांडला.

पण सगळं लिखाण असं छापून येत नव्हतं. बऱ्याचदा कापरेकर पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापत. त्यावर प्रकाशक म्हणून स्वतःचंच नाव आणि पत्ता खरेवाडा, देवळाली. आज कुठल्याही विषयावर चार ओळी लिहून त्या जगापुढे ठेवायला काही लागत नाही. त्या काळी शाळामास्तराच्या पगारातून गणिताची चिन्हं असलेला मजकूर छापखान्यात जुळवून घ्यायचा म्हणजे काय खर्च असेल याचा अंदाज करा.

याच पुस्तिकांमधून आणि छोट्या लेखांमधून एकेक जातीच्या संख्या बाहेर आल्या. त्यातली ‘हर्षद’ सर्वांना समजेल अशी. आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. १२ च्या आकड्यांची बेरीज ३, आणि १२ ला ३ ने भाग जातो. रामानुजनच्या गोष्टीतली सुप्रसिद्ध १७२९ हीसुद्धा हर्षद आहे. तिच्या आकड्यांची बेरीज १९, भागाकार ९१, आणि १९ उलटे केले की ९१!

आपली सतरा आकडी संख्या हर्षद आहे का? आकड्यांची बेरीज करा. एक ते आठ मिळून ३६, दोन्ही बाजूंचे मिळून ७२, मधला ९ धरून ८१. आता १११११११११ चे मूळ अवयव पाडले तर ३, ३, ३७ आणि ३३३६६७ येतात. आपली संख्या त्याचा वर्ग आहे, म्हणजे तिच्यात ३ हा अवयव चार वेळा आहे. चार वेळा ३ म्हणजेच ८१. भाग पूर्ण जातो. आणि भागाकार? तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. या संख्येत ८ नाही हे नीट पाहा. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ वेळा १ येतात, हे कोडं जुन्या गणिताच्या मास्तरांचं फार लाडकं. दहा वेळा १ च्या वर्गात ८ गळाला होता तो आणि हा ८ एकाच कारणाने गळतो: हातचा.

दुसरी जात स्वयंभू संख्यांची. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा. १५ घेतले तर १५ अधिक ६, म्हणजे २१. २१ पासून २४, मग ३०, ३३, ३९, ५१, ५७, ६९, ८४, ९६, १११. साखळी अशी पुढे पुढे जात राहते. मग कापरेकरांनी उलटा प्रश्न विचारला: अशी एखादी संख्या आहे का, जिला कोणीच जन्म दिलेला नाही? २० घ्या. त्याआधीची कुठलीही संख्या घेतली तरी ती २० वर येत नाही. ३१ चं तेच, ४२ चं तेच. यांना आई-बाप नाहीत म्हणून त्या स्वयंभू. १२१ ही डेमलो तर आहेच, शिवाय स्वयंभूही आहे. याउलट १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. शंकराच्या देवळात स्वयंभू पिंड असते हे माहीत असलेल्या माणसालाच हे नाव सुचावं.

स्वयंभू संख्या कापरेकरांनी १९४९ मध्ये मांडल्या आणि १९६३ मध्ये त्यांच्यावर देवळालीहून पुस्तिका काढली. पुढे १९७४ साली एका अमेरिकन गणित मासिकात कोलंबियातल्या बर्नार्डो रेकामान यांनी याच संख्यांबद्दल प्रश्न मांडला. तिथून या संख्यांचं नाव पडलं कोलंबियन संख्या. खरेवाड्यातून निघालेली पुस्तिका तिथवर पोचलेली नव्हती. आज त्यांना तीन नावं आहेत: स्वयंभू, कोलंबियन आणि देवळाली संख्या. निदान गावाचं नाव तरी टिकलं.

पण ज्या एका संख्येने कापरेकर अमर झाले ती यापेक्षा लहान आहे. चारच आकडी, ६१७४.

१९४६ मध्ये ती त्यांना सापडली आणि १९४९ च्या मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ती जाहीर केली. पद्धत शाळेतल्या मुलालाही जमेल अशी. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे लावा, आणि पहिल्यातून दुसरी वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच. समजा नागपूरचा पिन कोड ४४०००१ घेतला आणि त्याचे पहिले चार आकडे उचलले. ४४०० वजा ००४४ म्हणजे ४३५६. मग ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च येतात. गाडी तिथेच थांबते.

कुठूनही निघालात तरी फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता. कापरेकरांचं जन्मसाल १९०५ घेऊन पाहा, त्याला बरोबर सात लागतात: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४.

यात नवल कशाचं आहे तेही समजून घ्यायला हवं. चार आकडी संख्या मोजक्याच आहेत, त्यामुळे अशी वजाबाकी करत राहिलं तर कधी ना कधी कुठेतरी फिरून यावंच लागणार. ते अपेक्षित आहे. अनपेक्षित हे, की सगळ्या वाटा एकाच ठिकाणी येतात. दोन आकड्यांना ते होत नाही. तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ अशी गोल फिरणारी साखळी आहे. तीन आकड्यांना होतं, तिथे सगळे ४९५ वर येतात. पाच आकड्यांना पुन्हा नाही, तिथे वेगवेगळ्या साखळ्या आहेत आणि तुम्ही कुठून निघालात यावर कुठे अडकणार ते ठरतं. चार आकड्यांचंच नशीब असं का, याचं सगळी उदाहरणं तपासण्यापलीकडचं समाधानकारक कारण देणं सोपं नाही. ६१७४ हर्षदही आहे, हे जाता जाता. आकड्यांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे तीन वेळा ७.

एवढं सापडूनही कापरेकरांच्या रोजच्या जगण्यात फरक पडला नाही. सकाळी शाळा, उरलेला वेळ आकडे. अमेरिकेतल्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात १९५० च्या दशकात त्यांचे लेख आले. जगभरच्या संशोधनाचे गोषवारे छापणाऱ्या ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’मध्येही त्यांच्या लेखांची नोंद होत होती. तरी आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांच्या लेखी ते कोडी घालणारे मास्तरच होते.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन तुटपुंजी होती. राहणी अत्यंत साधी असूनही त्यावर भागेना, म्हणून साठी ओलांडलेल्या या माणसाने गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. मद्रासच्या परिषदेत ६१७४ जाहीर करणारा माणूस पोट भरण्यासाठी घरी मुलांची गणितं सोडवून घेत होता, आणि त्यातून उरलेल्या वेळात पुन्हा त्याच संख्या.

मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर गणिती खेळांचं सदर लिहीत असत, आणि ते जगभर वाचलं जाई. त्या महिन्यात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांबद्दल लिहिलं. योगायोग असा की खुद्द गार्डनर यांच्याकडेही गणिताची पदवी नव्हती, ते तत्त्वज्ञान शिकलेले. कोड्यांच्या सदराला ठीक म्हणून हार्डींनी ज्या गोष्टी बाजूला सारल्या होत्या, त्यांना जगापुढे आणलं ते एका कोड्यांच्या सदरानेच. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. देवळालीच्या मास्तरांचं नाव एका फटक्यात जगभर गेलं, आणि ते परदेशातून फिरून आल्यावर आपल्याकडेही लोक त्यांना ओळखू लागले. हे आपल्याकडे नेहमीच होतं.

त्यानंतरही मास्तर थांबले नाहीत. १९८०-८१ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, त्यांचा ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’मध्ये लेख आला. विषय होता त्यांच्या स्वतःच्या नावाच्या कापरेकर संख्या.

आणि या संख्यांनीच पुढे तो जुना वाद बराचसा निकालात काढला. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडला तर २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९ मिळून २९७. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ आणि २०९ मिळून ७०३. यातलं ३०२५ चं कोडं इंग्लंडच्या ड्युडनी यांनी १९१७ च्या आपल्या पुस्तकात फाटलेल्या चिठ्ठीची गोष्ट करून घातलं होतं. ते कोड्यापुरतं होतं. कापरेकरांनी अशा संख्यांची अख्खी जात शोधली.

आता जरा खोलात जाऊ. ४५ ला त्याच्या आधीच्या संख्येने, म्हणजे ४४ ने गुणा. १९८० येतात, म्हणजे बरोबर २० वेळा ९९. ५५ ला ५४ ने गुणा, येतात २९७०, म्हणजे ३० वेळा ९९. वर्ग तोडून बेरीज तीच येणं म्हणजे दुसऱ्या शब्दांत हेच, की ती संख्या आणि तिच्या आधीची संख्या मिळून ९९ ला गिळतात. ९९ चे दोन तुकडे ९ आणि ११. ४५ ने ९ उचलले, ४४ ने ११. ५५ च्या वेळी अदलाबदल झाली, ५५ ने ११ उचलले आणि ५४ ने ९. तीन आकड्यांत ९९९ चे तुकडे २७ आणि ३७. २९७ मध्ये २७ आहेत आणि २९६ मध्ये ३७. ७०३ मध्ये ३७ आणि ७०२ मध्ये २७. ४५ आणि ५५ मिळून १०० होतात आणि २९७ आणि ७०३ मिळून १०००, त्याचंही कारण हेच.

म्हणजे नुसते नऊ असलेल्या संख्येचे, एकही अवयव सामाईक नसलेले दोन तुकडे जितक्या प्रकारे करता येतात, त्यावरून कापरेकर संख्या ठरतात. डग्लस इयानुची यांनी २००० साली हे रीतसर सिद्ध केलं. कापरेकर तोवर नव्हते. नुसत्या नवांच्या संख्येला ९ ने भागलं की नुसत्या एकांची संख्या उरते, म्हणजे डोंबिवलीच्या स्टेशनावर सुचलेली डेमलो आणि उतारवयातली कापरेकर संख्या, दोघींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. नुसत्या एकांच्या संख्येचे अवयव पाडणं हे मात्र आजही साधं काम नाही. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, ११११ म्हणजे ११ गुणिले १०१, १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. ११ ही मूळ संख्या आहे, तिला अवयव नाहीत. त्यानंतर थेट एकोणीस वेळा १ लिहावे लागतात तेव्हा पुढची मूळ संख्या भेटते, मग तेवीस वेळा, मग एकदम ३१७ वेळा.

त्यापुढची १०३१ वेळा १ लिहिलेली संख्या मूळ आहे, हे ह्यू विल्यम्स आणि हार्वी डबनर यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने सिद्ध केलं. त्यांचा शोधनिबंध छापून आला १९८६ साली. त्याच वर्षी कापरेकर मास्तर गेले.